गावाकडच्या सस्पेन्स-प्रेमकथा मराठवाड्यात घडतात तेव्हा तुम्हाला काय पटतं, काय खटकतं?

गंगथडी
नमस्कार मंडळी. एवढ्यात माझ्या वाचण्यात-ऐकण्यात अशा बऱ्याच कादंबऱ्या आल्या ज्यात प्रेमकथा पण आहे, खून-रहस्य पण आहे आणि सगळं खेड्यात घडतं, आणि काहींचं खेडं तर चक्क आपल्या इकडचं, बीड-परभणी-लातूरकडचं. पुस्तकांची नावं मुद्दाम घेत नाही, मला कुण्या एका लेखकाला धारेवर धरायचं नाही आणि सांगाडा तसाही सगळ्यांचा सारखाच आहे. शहरात शिकलेली मुलगी आजोबा वारले म्हणून गावी येते, जुना वाडा, वाड्यात कुलूप लावलेली खोली, शेजारच्या मळ्यात एक गप्प-गप्प राहणारा तरुण, त्याच्यावर जुन्या एका मृत्यूचा संशय, आणि तिला तो आवडायला लागतो आणि त्याच वेळी त्याची भीतीही वाटत राहते.

सांगाड्याबद्दल माझी काही तक्रार नाही, हा प्रकार मला मनापासून आवडतो. ज्याच्यावर जीव जडलाय तोच गुन्हेगार निघेल का हा प्रश्न दोनशे-तीनशे पानं जिवंत ठेवणं सोपं काम नाही. माझी तक्रार गावाबद्दल आहे. या पुस्तकांतल्या गावात कुणालाच काही माहीत नसतं, नायिका दारोदार विचारत फिरते आणि एकेक जण एकेक तुकडा सांगतो. आपल्याकडं असं असतं का हो? कुणाकडं काल पाहुणा आला, कुणाची गाडी रात्री किती वाजता वाजली, कुण्या पोरीच्या फोनमधे कोण रिचार्ज मारतं, गल्लीला सगळं ठाऊक असतं. म्हणून मला वाटतं की गावातला खरा सस्पेन्स 'कुणी केलं' याच्यात फार थोडा असतो, जास्त असतो तो 'कोण बोलणार, कुणापुढं बोलणार आणि बोलल्यावर त्याचं काय होणार' याच्यात. आणि प्रेमाचंही तेच. तुमचे अनुभव लिहा, वाद घाला, मला खरंच ऐकायचंय.

येळवस
ताई शंभर टक्के. मी लातूरकडचा. आमच्याकडं कादंबरीवाल्यांनी न वापरलेला एक दिवस आहे, वेळ अमावस्या, आम्ही येळवसच म्हणतो. मार्गशीर्षातली अमावस्या. त्या दिवशी अख्खं गाव रानात असतंय, कडब्याची कोप करायची, पाच पांडव मांडायचे, आंबील, भज्जी, बाजरीचे उंडे, ज्याला रान नाही त्याला पण कुणीतरी हाताला धरून घेऊन जातंय. लातूर-धाराशिवला सुट्टी असती. गावात कुत्रं दिसत नाही, शहरातले रस्ते पण ओस पडतात. आता विचार करा, वर्षातून एकच दिवस गाव खरंच मोकळं असतंय आणि त्याच दिवशी गावात दोन माणसं मागं राहिलीत. ती का राहिली? एवढ्या एका प्रश्नावर पुस्तक उभं राहतंय. आणि लेखक लोकं काय करू लालेत तर पावसाची रात्र, वीज कडाडली, दार वाजलं. आमच्याकडं पाऊस पडला तर लोकं खुश होतेत हो, घाबरत नाहीत.

रात्रपाळी
रात्रीच्या प्रसंगावर मला बोलायचंय कारण मी शेतकरी आहे आणि रात्री रानातच असतो. पुस्तकात रात्री बारा वाजता शिवार सुनसान असतं आणि नायिका एकटी मळ्याकडं चालत जाते. आमच्याकडं शेतीची लाईट पाळीनं असते, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री, आणि रात्रीची पाळी आली की हरभऱ्याला गव्हाला पाणी द्यायला अर्धं गाव बॅटऱ्या घेऊन रानात. लांबून नुसती बॅटरीची चाल बघून आम्ही सांगतो कोण चाललंय. कुणाची मोटार चालू झाली, कुणाची बंद पडली, आवाजावरून कळतं. अशा रानात कुणी पोरगी लपून भेटायला आली तर चार शेतांतून चार जण बघणार आणि चौघंही दुसऱ्या दिवशी काहीच बोलणार नाहीत. गंगथडी म्हणतात ते हेच. आणि बघा, खून झालाय त्या रात्री लाईट कुठल्या पाळीला होती एवढं जरी लेखकानं धरलं तरी कोण खोटं बोलतंय ते पकडता येतं. 'मी पाणी देत होतो' म्हणणाऱ्याच्या डीपीवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवर, त्या रात्री फ्यूज उडाला होता. झालं की काम.

उंबरठा
मी थोडी वेगळ्या बाजूनं बोलते. तुम्ही सगळे गाव बरोबर दाखवलंय का याच्यात अडकलात. मी ही पुस्तकं रात्री सगळं आवरल्यावर, लेकरं झोपल्यावर मोबाईलवर वाचते आणि मला त्यात पहिली पाहिजे ती ओढ. कुणीतरी एक बाई तिला काय पाहिजे ते मनात तरी मोठ्यानं बोलते हे मला पाहिजे. चुकीची झाडं, चुकीचा पाऊस मी सोडून देते.

पण मला एक गोष्ट कायम सलते आणि ती झाडापावसापेक्षा मोठी आहे. नायिका नेहमी पुण्या-मुंबईहून येते. तिचं परतीचं तिकीट तिच्या पर्समधे असतं. तिनं त्याच्यावर प्रेम केलं, तो वाईट निघाला तर ती गाडीत बसून जाऊ शकते. मग भीती कसली? त्याच गावात जन्मलेली, त्याच गावात अंगणवाडीत नाहीतर बचतगटात काम करणारी बाई घ्या. तिला तो आवडतो आणि तिला वाटतंय की त्यानं काहीतरी केलंय, आणि तिला उद्या सकाळी त्याच्या आईच्या शेजारी नळाला नंबर लावायचाय. शेवटच्या पानानंतरही तिला तिथंच राहायचंय. हे वाचताना माझ्या पोटात गोळा येईल, बंद खोलीनं येत नाही.

गंगथडी
उंबरठा, तुमचं परतीच्या तिकिटाचं म्हणणं मी वहीत लिहून घेतलं. हे मला सुचलंच नव्हतं आणि हे माझ्या मुद्द्यापेक्षा महत्त्वाचं आहे.

सातबारा
मी महसूल खात्यात आयुष्य काढलंय, तलाठी म्हणून लागलो आणि मंडळ अधिकारी म्हणून निवृत्त झालो. या कादंबऱ्यांत वाड्यातल्या पेटीत एक मृत्युपत्र सापडतं आणि त्या क्षणी नायिका शंभर एकरांची मालकीण होते. असं होत नाही. कागद आणून दिला तर तलाठी नोंद धरतो, ज्यांचा संबंध आहे त्यांना नोटीस जाते, हरकतीला पंधरा दिवस असतात, मग मंडळ अधिकारी मंजूर करतो, आणि हरकत आली तर प्रकरण चालतं आणि पुढं अपिलं. हे पंधरा दिवस लेखकाला का दिसत नाहीत मला कळत नाही. नोटीस घरी येते, घरात कोण उघडतं, कोण लपवतं, कोण रात्रीतून कुणाकडं जातं. आणि आता सातबारा-फेरफार मोबाईलवर दिसतो, त्यामुळं 'आपली गावाकडं जमीन आहे हेच तिला माहीत नव्हतं' हे पटवायचं तर लेखकानं मेहनत घ्यायला पाहिजे.

दुसरं, हक्कसोड. बहिणीनं भावाच्या नावे हक्क सोडायचा ही आपल्याकडची रीत. २००५ च्या दुरुस्तीनंतर मुलीला वडिलोपार्जित जमिनीत मुलाइतकाच जन्मतः हक्क आहे, पण गावात सही मागितलीच जाते आणि बहीण माहेर तुटू नये म्हणून देते. आता एखाद्या मुलीनं स्वतःच्या मनानं लग्न केलं आणि सही द्यायची राहिलीय, तर घरच्यांना ती एकाच वेळी तोंडसुद्धा बघायची नको असते आणि तिची सही मात्र पाहिजे असते. प्रेम आणि संशय एकाच कागदावर आले की नाही?

तिसरं, आपला भाग १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या राज्यात होता. जुनी कागदं उर्दूत, काही मोडीत. सेतवार, पहाणी या जमिनीच्या जुन्या नोंदी, इनामाचा मुंतखब म्हणजे इनामाचा दाखला. १९५० चा हैदराबाद कूळ कायदा आला आणि कसणाऱ्या कुळांना हक्क मिळाले, त्यावरून भावकीत जे सुरू झालं ते काही ठिकाणी नातवंडांपर्यंत चाललंय. ही कागदं वाचता येणारी माणसं आता तालुक्यात हाताच्या बोटावर मोजण्याइतकी राहिलीत. एखादे म्हातारे मौलवी नाहीतर निवृत्त मास्तर. कादंबरीत असा माणूस असेल तर तो काय वाचून दाखवतो आणि काय वगळतो यावर सगळं फिरू शकतं. मी असा कागद वाचला जाताना समोर बसलेल्या लोकांचे चेहरे बघितलेत, कुणी श्वास सोडत नाही.

मोंढा
काका लिहीत राहा हो. असं कुणी सांगत नाही.

बालाघाट
गंगथडी ताई, 'गावाला सगळं माहीत असतं' याला माझा थोडा विरोध आहे. मी बीड जिल्ह्यातल्या डोंगरपट्ट्यातला, आमचे आईबाप ऊसतोडीला जायचे. दसरा-दिवाळी झाली की गाव रिकामं. ट्रॅक्टर भरून जातात, मागं राहतात म्हातारीकोतारी आणि शाळेतली लेकरं. पश्चिम महाराष्ट्रात जातात, कर्नाटकात जातात, पट्टा पडेपर्यंत म्हणजे कारखान्याचा हंगाम संपेपर्यंत, मार्च-एप्रिलपर्यंत परत नाहीत. या चार-पाच महिन्यांत एखादा माणूस गावात दिसला नाही तर लोक काय म्हणतात? कारखान्यावर गेला असंल. आणि टोळीतल्या लोकांना वाटतं तो दुसऱ्या मुकादमाकडं गेला नाहीतर गावाकडं पळाला. म्हणजे एक माणूस अख्खा हंगाम बेपत्ता असू शकतो आणि दोन्हीकडं कुणी विचारत नाही. हे मला कुठल्याच रहस्यकथेत दिसलं नाही.

त्याला फक्त एकच जण शोधतो, ते म्हणजे टोळी नेणारा मुकादम, कारण उचल, म्हणजे आगाऊ घेतलेले पैसे, फिटलेली नसते. प्रेमाचं म्हणाल तर नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, जोडीवर उचल मिळते, म्हणून पोरींची लग्नं लवकर उरकतात, मागं एकटी पोरगी कुणाच्या भरवशावर ठेवायची हाही प्रश्न असतोच. त्यामुळं आमच्याकडं प्रेमकथा लिहायची तर हिशोब टाळून लिहिता येणार नाही. तिनं त्याला नाही म्हटलं तर उचल परत द्यावी लागते. तो पळाला तर त्याच्या भावाच्या मानगुटीवर उचल बसते. शहरातला वाचक याला ओझं म्हणेल, आम्हाला यातच धडधड होते.

गंगथडी
बालाघाट, तुमचं उदाहरण जबरदस्त आहे आणि मला वाटतं ते आपल्या दोघांच्याही बाजूनं आहे. गावाला माहीत नाही, टोळीला माहीत नाही, पण मुकादमाच्या वहीत नाव आहे, कुठल्या तारखेपासून खाडा लागला ते आहे. म्हणजे माहिती आहे, ती ज्याच्याकडं आहे तो बोलायला तयार नाही कारण बोलला तर त्याचेच पैसे आणि त्याचंच मरण. मुकादमाच्या बायकोनं ती वही वाचली तर? तिला लिहिता-वाचता येतं हे नवऱ्याला कधी फारसं महत्त्वाचं वाटलं नाही, आणि ज्या माणसाचं नाव तिथं थांबलंय तो तिला एकेकाळी आवडायचा. मला हे पुस्तक आत्ता वाचायला पाहिजे.

जुनं गाव
मी सहसा इथं लिहीत नाही. किल्लारी भागातला आहे. एक-दोन कथांमधे आमच्यासारखं भूकंपानंतर सोडलेलं जुनं गाव घेतलेलं मी वाचलं, पडकी घरं, रात्री तिथं दिवा दिसतो, प्रेमी तिथं भेटतात, एक सांगाडा सापडतो. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, लोक विसर्जन करून उशिरा झोपले होते. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मातीचं जड माळवद, तेच अंगावर आलं, म्हणून एवढी माणसं गेली. हजारोंनी गेली. नंतर गावं दुसरीकडं वसवली, जुन्या जागी बाभळी वाढल्या.

लिहू नका असं मी म्हणत नाही. उलट लिहा. पण त्या जागेला भुताटकीचा माळ करू नका. आम्ही तिथून जाताना हे कुणाचं दार होतं ते सांगू शकतो. तिथं रहस्य पाहिजेच असेल तर खरी रहस्यं होती की. ढिगाऱ्यातून कोण निघालं, कोण निघालंच नाही, ओळख कुणी पटवली, मदत कुणाच्या नावावर आली, अनाथ झालेली लेकरं कुण्या नातेवाइकाकडं गेली. आणि लग्नं पण झाली त्या काळात. जोडीदार गमावलेल्या माणसांनी पुन्हा संसार मांडले. नव्या गावात सारख्या आखणीच्या घरांमधे, नव्या शेजारासोबत. त्या दोन माणसांनी एकमेकांवर विश्वास कसा ठेवला असेल, एकमेकांना आधीचं काय सांगितलं आणि काय नाही सांगितलं, हे जर कुणी नीट लिहिलं तर मी ते पुस्तक दहा जणांना वाटीन.

मोंढा
दादा, नमस्कार तुम्हाला.

येळवस
त्या गावातले आमचे पाहुणे होते. तुमचं बरोबर आहे.

पाटलीण
मी पोलीस पाटील आहे, नेमणुकीची, म्हणून आधी एक सांगते. कादंबऱ्यांत 'पोलीस पाटील' म्हणजे मिशीवाला, झोपाळ्यावर बसलेला, घराण्यातून आलेला. वंशपरंपरेची पाटीलकी जाऊन जमाना झाला, १९६७ चा ग्राम पोलीस कायदा आहे, परीक्षा देऊन प्रांताच्या, म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्याच्या, सहीनं नेमणूक होते आणि आता बऱ्याच गावांत बायका या जागेवर आहेत. त्यामुळं एखाद्या लेखकाला नायिका म्हणून पोलीस पाटील बाई का सुचत नाही?

गावात विहिरीत कुणी सापडलं की पहिला फोन मलाच येतो. मी ठाण्याला कळवायचं, अकस्मात मृत्यूची नोंद होते, पंचनामा, मग ग्रामीण रुग्णालयात पीएम म्हणजे शवविच्छेदन. पुस्तकात इन्स्पेक्टर येतो आणि एका नजरेत खून आहे ओळखतो. प्रत्यक्षात विहिरीतलं प्रेत थंडीत वर यायलाच वेळ लागतो, उन्हाळ्यात लवकर येतं, आणि घरच्यांना एकच घाई असते की लवकर ताब्यात द्या. गंगथडी म्हणतात ना कोण बोलणार, ते मला दर वेळी पंचनाम्याला दिसतं. पन्नास माणसं विहिरीच्या काठावर उभी असतात. पंच म्हणून सही पाहिजे म्हटलं की दहा राहतात. उरलेल्यांत कुणाच्या चपला घाईनं वळल्या, कोण थांबला पण नजर खाली घालून थांबला, हे मला रिपोर्टात लिहिता येत नाही. कादंबरीत लिहिता येतं.

वसमत रोड
कुणीच बोलत नाहीये म्हणून मी बोलतो. जात. या पुस्तकांतल्या नायकाला आडनाव नसतं. 'दोन घराण्यांचं वैर' म्हणून लेखक मोकळा होतो. आपल्याकडं नवीन माणूस दिसला की दुसऱ्या वाक्यात कोण-कुठले विचारतात आणि लेखकाच्या गावात तीनशे पानं कुणी विचारत नाही? कुणाचं घर गावकुसाबाहेर आहे, कोण कुठल्या पाणवठ्यावर, मंदिराच्या पारावर कोण बसतं, प्रेमकथेला खरा धोका तिथून असतो. तो धोका काढून टाकला आणि त्या जागी बंद खोलीतला वेडा काका आणून ठेवला की पुस्तक सगळ्यांना गिफ्ट देता येतं, पण मला ते खोटं वाटतं. राग येतो खरंच.

एक प्रसंग तर कायद्यानंच तयार करून ठेवलाय. दोघांना १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली लग्न करायचं असेल तर विवाह अधिकाऱ्याला नोटीस द्यायची, दोघांपैकी एक जण त्या जिल्ह्यात तीस दिवस राहिलेला पाहिजे, आणि ती नोटीस तीस दिवस ऑफिसच्या बोर्डावर लागते. कुणीही वाचावी, कुणीही मोबाईलवर फोटो काढून गावच्या ग्रुपवर टाकावा. तीस दिवस! लपायचं, कामावर जायचं, आईशी फोनवर नेहमीसारखं बोलायचं आणि रोज वाट बघायची की आज कुणी बघितली का. यापेक्षा मोठा सस्पेन्स मला माहीत नाही.

उंबरठा
वसमत रोड, हे मी वाचल्यापासून डोक्यातून जात नाही. आणि यात खून नाही झाला तरी चालेल मला. तीस दिवसांत तिला त्याच्याबद्दल एखादी गोष्ट कळते, मोठी नाही, पण शंका येईल अशी, आणि विचारायला माहेर उरलेलं नाही.

रात्रपाळी
भाषेचं एक राहिलं. आमच्या परभणीकडची माणसं पुस्तकात कोल्हापुरी का बोलतात? ऐकताना तर फारच खटकतं, वाचणारा कलाकार एकच गावठी आवाज काढतो सगळ्यांना. नांदेडचा वेगळा, जालन्याचा वेगळा, उदगीरकडं कानडीचा हेल येतो.

येळवस
आणि सगळी गरीब माणसं तसं बोलतेत, श्रीमंत माणसं शुद्ध. आमचा सरपंच पण तसंच बोलतोय, मी पण, आणि माझा डॉक्टर भाऊ घरी आला की तो पण.

गंगथडी
एवढं वाचून मला असं वाटायला लागलं की आपल्याला पाहिजे ते पुस्तक इथंच तुकड्या-तुकड्यानं पडलंय. लाईटची पाळी, येळवस, मुकादमाची वही, उर्दू कागद, बोर्डावरची नोटीस. शेवटाबद्दल मात्र मला तुमचं मत पाहिजे. या प्रकारात रीत अशी की ज्याच्यावर संशय तो निर्दोष निघतो आणि दोघं एकत्र येतात. मला ती रीत ठेवायची आहे. वाचकाला दिलेला शब्द आहे तो, आणि आपल्या भागातल्या कथेत शेवटी मरणच पाहिजे असं जे धरून चालतात त्याचा मला कंटाळा आलाय. दुष्काळ, कर्ज, मरण. इथं लोक प्रेमात पण पडतात, नीट नांदतात पण.

बालाघाट
एकदम मान्य. पण निर्दोष म्हणजे धुतल्या तांदळासारखा नको. त्यानं बघितलं आणि गप्प बसला एवढा दोष ठेवा त्याच्याकडं.

पाटलीण
हो. आणि शेवटी त्यानं पंच म्हणून सही करावी. नावासकट.

पहिला मसुदा
मी गेल्या वर्षापासून अशीच एक कथा लिहिते आहे, हा धागा वाचून अर्धी परत लिहावी लागणार आणि मला त्याचा आनंदच आहे. सातबारा काका, एक विचारायचंय. माझ्या नायिकेला हक्कसोडीसाठी तालुक्याला आणतात. तिथं नेमकं काय होतं? ती आत जाऊन नाही म्हणू शकते का?

सातबारा
म्हणू शकते. दुय्यम निबंधकाच्या ऑफिसात दस्त नोंदवताना तिचा फोटो निघतो, अंगठा घेतात, आणि दस्त तुम्हीच लिहून दिलाय ना, कबूल आहे का, हे विचारलं जातं. तिनं तिथं कबूल नाही म्हटलं तर नोंदणी होत नाही. बाहेर भाऊ उभा असला तरी त्या टेबलापुढं उत्तर तिलाच द्यायचं असतं. तिला ओळखणारे म्हणून दोन जण लागतात, त्यांचेही फोटो-अंगठे होतात.

पहिला मसुदा
त्या दोघांतला एक तो असू शकतो का?

सातबारा
कायद्यानं काही अडचण नाही, तिला ओळखणारा सज्ञान माणूस पाहिजे आणि ओळखपत्र पाहिजे. भाऊ त्याला तिथपर्यंत येऊ कसा देईल ते तुम्हाला पटवावं लागेल. माझ्या मते भावानंच त्याला बोलावलेलं असावं, ऐनवेळी ठरलेला माणूस आला नाही म्हणून. ऑफिसात गर्दी असते, नंबर जाईल म्हणून लोक समोर दिसेल त्याला हाक मारतात.